बदामी सीटवरची हळद

भाचीच्या हळदीहून परतताना नवरी माझ्या गाडीत बसली. अंगावरची हळद अजून ओली होती. सीटवर मी जुनी चादर अंथरली होती, पण वळणावळणाला ती खाली सरकत गेली. घरी पोचल्यावर मागचं दार उघडलं, तर पाठ टेकायच्या जागी तळहाताएवढा पिवळाधमक डाग, आणि उतरताना तिने हात टेकवला होता तिथे चार बोटांचे ठसे.

गाडी माझी होऊन तेव्हा जेमतेम महिना झाला होता. दादा पुण्याहून बंगळुरूला कायमचा गेला, तेव्हा त्याने ती मला दिली. आतून सगळी फिक्या बदामी रंगाची. पंचवीस वर्षं स्कूटर चालवलेल्या मला इंजिनपेक्षा त्या सीटचीच जास्त धास्ती वाटायची. लेदरच्या सीटचं काय करायचं असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

रात्री पाहुणे झोपल्यावर बादली, कपडे धुण्याच्या साबणाची वडी आणि एक जुना गंजीफ्रॉक घेऊन मी पार्किंगमध्ये उतरले. फडक्यावर साबण चोळला आणि डाग घासला. डोळ्यांदेखत पिवळा डाग विटकरी लाल झाला. मी हातच मागे घेतला. सीट जळली असंच वाटलं मला.

धावत वर जाऊन आईला उठवलं. ती चष्मा लावून खाली आली, डाग पाहिला आणि म्हणाली, "अगं, साबण लावलास ना हळदीला? हळदीला चुना लागला की लाल होते, विसरलीस का? पुसून घे साध्या पाण्याने."

हळदीतला पिवळा रंग म्हणजे कर्क्युमिन. साबण, सोडा, चुना अशा अल्कधर्मी पदार्थाशी गाठ पडली की तो लालसर होतो, आणि तो पदार्थ निघून गेला की पुन्हा पिवळा. स्वच्छ पाण्यात फडकं बुडवून, घट्ट पिळून मी पाच-सहा वेळा डाग टिपला. लाली उतरली. डाग मात्र होता तिथेच होता.

पुढचे आठ दिवस ज्याला विचारावं तो वेगळंच सांगत होता. शेजारचे काका म्हणाले सॅनिटायझर लाव. एक मावशी म्हणाली टूथपेस्ट. मेहुणे म्हणाले, सरळ सीट कव्हर घालून टाका, विषय संपला. प्रत्येकाने आपापल्या अनुभवातून आणि मायेनेच सांगितलं होतं, आणि कोणाचं ऐकावं ते मला कळत नव्हतं.

शेवटी मी ऐकलं ते बाबांच्या आठवणीचं. बाबा कोल्हापुरी चपलांना तेल लावून रात्रभर ठेवायचे. सकाळपर्यंत चामडं तेल पिऊन मऊ, गडद झालेलं असायचं. चामड्याला तेल लागतं, हे मी लहानपणापासून पाहत आले होते. म्हणून मी सगळ्या सीटला खोबरेल चोळलं. सीटने ते प्यायलं नाही. दुसऱ्या दिवशीही बोट फिरवलं की चिकट लागायचं. चार दिवसांत त्या तेलकटपणावर पुण्याची धूळ बसली आणि बदामी रंग मळकट करडा दिसू लागला. त्यातच मुलाची नवी जीन्स. ड्रायव्हरच्या सीटच्या कडेला, मांडी घासते तिथे, निळसर झाक आली.

त्या निळ्या झाकेवर मी भिंतीवरचे पेन्सिलचे डाग काढायचा पांढरा स्पंज चालवला. झाक लगेच फिकी झाली. स्पंज पाहिला तर त्यावर पिवळसर बदामी रंग आलेला. इतका मळ होता म्हणायचा, असं वाटून मी आणखी जोर लावला. दोन मिनिटांनी तिथली सीट हाताला वेगळीच लागू लागली: कोरडी, खरखरीत, आणि रंगाला भुरकट.

तेव्हा मी थांबले आणि गाडी घेऊन घराजवळच्या कार डिटेलिंगच्या दुकानात गेले. तिथल्या मुलाने मी सोबत नेलेला स्पंज उजेडात धरला आणि म्हणाला, "काकू, हा मळ नाही. हा तुमच्या सीटचा रंग आहे."

मला फार वाईट वाटलं. दादाने सांभाळून ठेवलेली वस्तू मी महिन्याभरात माझ्याच हाताने घासून काढत होते, तेही स्वच्छ करायच्या ओढीने. त्या मुलाने मात्र बोल लावला नाही. त्याने हेडरेस्टच्या खाली, कुणाला दिसणार नाही अशा जागी, बोटाने पाण्याचा एक थेंब ठेवला. "बघत राहा," म्हणाला. थेंब अळूच्या पानावर राहावा तसा गोल राहिला. त्याने तो टिपून घेतला. खाली ओलीचा मागमूस नव्हता. थेंब आत मुरून जागा गडद झाली असती, तर लेदर उघडं आहे असं समजायचं. इथे ते लेप दिलेलं होतं.

तिथून मला गोष्ट उलगडू लागली. कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावतात. त्याच्यावर कसला लेप नसतो, म्हणून ते तेल पितं आणि पाणीही पितं. गाडीच्या सीटचं कातडं बहुतेक वेळा क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं असतं; अमेरिकेत ऑगस्टस शुल्त्झ यांनी १८८४ साली पेटंट घेतलेल्या पद्धतीची ही पुढची वाट. त्यावर रंगाचा थर देतात आणि सगळ्यात वर पॉलियुरेथेनचा पातळ पारदर्शक थर. म्हणजे आपण ज्याला लेदर म्हणून हात लावतो, तो खरं तर हा वरचा थर असतो. शिवाय पुष्कळ गाड्यांत अंग टेकतं तेवढाच भाग लेदरचा आणि सीटची मागची बाजू, दारांचे पॅड रेग्झिनसारख्या कृत्रिम कापडाचे असतात. माझ्याही गाडीत तसंच निघालं.

हे कळल्यावर मला मिळालेल्या सल्ल्यांचा आणि माझ्या चुकांचा एकेक धागा सुटत गेला. खोबरेल आत जाणार कुठून? ते लेपावर पसरून धूळ धरत बसलं. सॅनिटायझरमधलं अल्कोहोल वरचा थर खराब करतं. टूथपेस्टमध्ये घासायची पूड असते. तो पांढरा स्पंज मेलामाइनचा. तो अतिशय बारीक पॉलिश पेपरसारखं काम करतो. कपड्यांचा साबण अल्कधर्मी, लेदर किंचित आम्लधर्मी. एकदा लागल्याने आभाळ कोसळत नाही, पण रोजचा उपाय म्हणून तो चुकीचाच. आणि सीट कव्हर? त्या मुलाने मला पुढच्या सीटच्या बाजूला शिवलेली बारीक पट्टी दाखवली. त्यावर "एअरबॅग" असं लिहिलेलं होतं. बाजूची एअरबॅग सीटमधूनच उघडते. तिच्यासाठी जागा न ठेवलेलं कव्हर अपघाताच्या क्षणी आडवं येऊ शकतं. मेहुण्यांना मी त्याच संध्याकाळी फोन केला, कारण त्यांच्या गाडीला तसंच कव्हर होतं.

मग त्याने मला सीट कशी पुसायची ते करून दाखवलं. आधी ब्रश लावून व्हॅक्यूम. दोन सीटच्या सांध्यातून वाळू, शेवेचे तुकडे, लग्नातल्या अक्षता निघाल्या. ही वाळू न काढता फडकं फिरवलं, तर आपण तीच वाळू सीटवर घासत असतो. मग लेदर क्लीनर, पण सीटवर ओतायचा नाही. मऊ केसांच्या ब्रशवर घ्यायचा. हवा खेळण्यासाठी सीटला बारीक भोकं असतील तर हे कटाक्षाने पाळायचं, नाहीतर पाणी आतल्या फोममध्ये उतरतं. एका वेळी वीतभर जागा घ्यायची आणि ब्रश हलक्या हाताने गोल फिरवायचा, फेस येईपर्यंत.

मी वाकून पाहत होते. लेदरवर बारीक रेघांची जाळी असते, हाताच्या कातडीवर असते तशी. मळ त्या रेघांमध्ये बसलेला असतो. फडकं वरवरच्या उंचवट्यांवरून घसरून जातं. ब्रशचे केस रेघांत उतरले आणि पांढरा फेस बघता बघता चहाच्या रंगाचा झाला. त्याने मायक्रोफायबरचं पांढरं फडकं चौघडी करून वर ठेवलं, दाबलं आणि उचललं. मळ फेसाबरोबर वर आला होता. त्याने शेजारची न पुसलेली जागा दाखवली. ती तुकतुकीत होती, मला तर तीच चांगली वाटत होती. "चकाकतंय ते तेल आणि घाम आहे, काकू. असलं लेदर मुळात चकाकत नाही," तो म्हणाला. पुसलेली वीतभर जागा शांत, निस्तेज आणि एकसारखी बदामी होती. दादाने दिली तेव्हा सगळी सीट तशीच होती, हे मला तेव्हा आठवलं.

हळदीसाठी त्याने औषध दिलं नाही, ऊन सांगितलं. कर्क्युमिन उजेडात टिकत नाही. हळदीचे कपडे आपण उन्हात वाळत घालतो ते त्यासाठीच. पण तेच ऊन लेदरचा लेप कडक करतं, रंग उडवतं. म्हणून रोज सकाळी कोवळ्या उन्हात तासभर मागचं दार उघडं ठेवायचं, डागाएवढी जागा मोकळी सोडून बाकी सीटवर पांढरी चादर घालायची आणि मग गाडी सावलीत न्यायची. मी ते दहा दिवस केलं. तिसऱ्या दिवशी कडा विरल्या, सहाव्या दिवशी बोटांचे ठसे गेले, दहाव्या दिवशी डाग शोधावा लागला.

स्पंजने गेलेला रंग मात्र उन्हाने परत येणार नव्हता. तेवढ्या जागेवर त्याने सीटच्या रंगाशी जुळवून रंग दिला, वर पारदर्शक थर दिला. नीट पाहिलं तर जोड कळतो. पुढे सगळ्या सीट कोरड्या झाल्यावर त्यांना संरक्षक कोटिंग लावलं आणि बाटलीवर लिहिलेला वेळ भरेपर्यंत कुणालाही बसू दिलं नाही. हे कोटिंग कायमचं नसतं. जीन्सची नीळ धाग्याच्या वरवरच बसलेली असते, घामाने आणि घासण्याने ती सुटते आणि सीटवर येते. ती कोटिंगवर अडली तर पुसता येते. खालच्या थरात शिरली तर निघत नाही. कोटिंग झिजतं आणि त्याच्या झिजण्यात सीटचा रंग वाचतो. म्हणून काही महिन्यांनी ते पुन्हा लावायचं, आणि दर वेळी आधी सीट स्वच्छ करून. मळावर लावलं तर मळच आत कोंडला जातो.

आता दर रविवारी मी ओलसर मायक्रोफायबरने सीट नुसत्या पुसते, आणि महिन्यातून एकदा ब्रश आणि फेस. पावसाळ्यात ओल्या छत्र्या आत ठेवत नाही आणि उघडीप मिळाली की दारं उघडून ठेवते, कारण कोंदट गाडीत बुरशी लवकर धरते. फिक्या रंगाच्या सीट लवकर घाण होतात असं मला वाटायचं. घाण काळ्या सीटवरही तेवढीच बसते. बदामी सीट ती पहिल्याच दिवशी दाखवते, आणि पहिल्या दिवशीचा मळ ओल्या फडक्याने निघतो. अनोळखी सीट हाती आली, तर मी सांगेन की फडकं उचलण्याआधी तो पाण्याचा एक थेंब ठेवून पाहा. आपला हात कशावर पडणार आहे, हे कळल्याशिवाय घासायला घेऊ नका.

दिवाळसणाला भाची आली ती नव्याकोऱ्या गडद निळ्या जीन्समध्ये, आणि मागे त्याच जागी बसली. दिवसभर आम्ही नातेवाइकांकडे फिरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पांढरं फडकं ओलं करून तिच्या जागेवरून एकदाच फिरवलं. फडक्यावर निळी रेघ आली आणि सीट बदामी राहिली. फक्त पाठीच्या शिलाईतल्या दोन टाक्यांचा दोरा अजून पिवळा आहे. दोऱ्यावर लेप नसतो, त्याने हळद धरून ठेवली आहे. तिथे मी काही घासत नाही.