माहुल वॉक: कॅलरी आणि हवा
जिमचे पैसे भरून झाले, जाणं काही होत नाही? मग माझ्यासारखं मॉर्निंग वॉकला लागा! परवाच्या रविवारी चेंबूरहून आरसी मार्गाने थेट माहुल गाठलं. तासाभराची चाल. वजन ६० किलो असेल तर भरभर चालण्यात साधारण अडीचशे कॅलरी जळतात, म्हणजे जेमतेम एक वडापाव. ताशी ८ किलोमीटरने जॉगिंग केलं तर पाचशेच्या आसपास.

मग पळायचं ना? पळालेही. पण रिफायनऱ्यांची भिंत लागली आणि घशात वास बसला. पळताना आपण बसल्यापेक्षा कितीतरी पट हवा आत ओढतो, हा हिशेब ट्रेडमिलच्या स्क्रीनवर दिसत नाही.

कोळीवाड्यापाशी थांबले. होड्या, वाळत घातलेली जाळी. थंडीत खाडीत फ्लेमिंगोही असतात. मागे प्रकल्पग्रस्तांच्या सातमजली इमारती. इथली हवा पाहून २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने आणखी माणसं इथे पाठवायला मनाई केली होती.

लिफ्ट बंद. एक मावशी पाण्याची कळशी घेऊन जिना चढत होत्या. जिन्याला मिनिटाला आठेक कॅलरी, कळशीच्या वेगळ्या.

माझे शूज बघून त्यांनी विचारलं, "व्यायामाला इथं आलीस, बाय?"

परतीला मी बस पकडली.