करमाफीच्या करारात आपली अट कुठे आहे?

कांजूरमार्गला आमच्या वस्तीतल्या विहारात रविवारी संध्याकाळी वंदना झाली की पोरे सतरंजीवरच बसून राहतात. कुठली भरती निघाली, कुणाचे हॉलतिकीट आले, कुठली परीक्षा पुढे ढकलली, हेच बोलणे. गेल्या पावसाळ्यात एकाने विचारले, "सरकारी जागा निघत नाहीत, खासगीत आपल्याला आरक्षण नाही, मग आपण करायचं काय?" आम्ही नेहमीचे उत्तर दिले : खासगी क्षेत्रात आरक्षणाचा कायदा व्हावा म्हणून लढायचे. घोषणा द्यायला सोपी आहे. नंतर कायद्याचे पुस्तक उघडले आणि आमची आम्हालाच लाज वाटली. ज्या कायद्याची आम्ही मागणी करत होतो, त्याचा मोठा भाग महाराष्ट्रात वीस वर्षांहून अधिक काळ पडून आहे.

त्या कायद्याकडे येतोच. आधी आमचा रस्ता बघा.

भांडुप ते विक्रोळी, एलबीएस मार्ग. एके काळी इथली माणसे कारखान्याच्या भोंग्यावर घड्याळ लावत. क्रॉम्प्टनच्या कारखान्याच्या जमिनीवर आता टॉवर उभे आहेत. आमच्यापैकी दोघांचे वडील याच पट्ट्यातल्या एका कारखान्यात कायम कामगार होते. एकाच्या वडिलांना व्हीआरएसचा चेक मिळाला. त्यातून घरावर पत्र्याच्या जागी स्लॅब आला, बहिणीचे लग्न झाले आणि पैसे संपले. त्यांचा मुलगा बी.कॉम. आहे. त्याच रस्त्यावरच्या एका काचेच्या इमारतीत तो ठेकेदारामार्फत हाउसकीपिंगचा सुपरवायझर आहे. काही महिन्यांनी ठेकेदाराचे नाव बदलते, माणूस तोच राहतो आणि नोकरी मात्र पुन्हा नवी धरली जाते. त्याच्या हाताखाली बावीस माणसे. आम्ही एकदा सहज आडनावे मोजली. पुढे काही सांगायला नको. त्याच इमारतीत वरच्या मजल्यांवर लॅपटॉपसमोर बसणाऱ्यांची आडनावे मोजायला आम्हाला कुणी आत सोडणार नाही.

आता ही काचेची इमारत फक्त बाजाराच्या जोरावर उभी राहते असे समजू नका. राज्याच्या आयटी धोरणाने आयटी पार्कांना वाढीव चटईक्षेत्र दिले, वीज शुल्कात आणि मुद्रांक शुल्कात सवलती दिल्या. मुंबईबाहेरच्या कारखान्यांसाठी तर १९६४ पासून सामूहिक प्रोत्साहन योजना चालू आहे. मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्यात उद्योगांची गर्दी नको, ते मागास भागात जावेत, हा तिचा हेतू. तालुक्यांचे अ, ब, क, ड, ड+ असे गट पाडले, तालुका जितका मागास तितकी सवलत जास्त. हेतू चांगलाच होता, हे आम्ही मान्य करतो. कांजूरचे सगळे कारखाने या योजनेमुळे गेले असेही आम्ही म्हणत नाही. जमिनीचा भाव यंत्रांपेक्षा जास्त झाला, ते कारण मोठे होते. पण कारखाना जाताना कामगाराला विचारले नाही, आणि तो दुसरीकडे उभा राहताना सरकारने तिजोरी उघडली तेव्हाही विचारले नाही.

ही तिजोरी कुणाची, ते नीट समजून घेऊ. जीएसटी आल्यापासून या योजनेचा मुख्य भाग असा चालतो : कंपनी आपला माल महाराष्ट्रात विकते, गिऱ्हाइकाकडून राज्याचा जीएसटी घेते आणि सरकारात भरते. पात्र कंपनीला सरकार त्यातला हिस्सा ठरलेली वर्षे 'औद्योगिक प्रोत्साहन अनुदान' म्हणून परत देते. म्हणजे साबणाची वडी घेताना आमच्या आईने जो कर भरला, त्यातला काही भाग कारखानदाराकडे जातो. याला कुणी फुकटेपणा म्हणत नाही. आपल्या पोराची शिष्यवृत्ती मात्र लगेच 'करदात्यांचा पैसा' होते!

बाबासाहेबांनी हा हिशोब फार आधी मांडला होता. अर्थशास्त्र हा त्यांचा मूळ विषय, ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या विकासावरचा त्यांचा ग्रंथ १९२५ सालचा. १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना त्यांनी दाखवून दिले की आयकराला किमान उत्पन्नाची मर्यादा आहे, पण शेतसाऱ्याला नाही. गरीब शेतकऱ्याचे उत्पन्न कितीही कमी असो, त्याला सारा भरावाच लागतो. आज शेतसाऱ्याच्या जागी जीएसटी ठेवा. आपण बाबासाहेबांची जयंती करतो, संविधान वाचतो, पण अर्थसंकल्प येतो त्या दिवशी टीव्ही बंद करतो. हा दोष आमचाही आहे.

केंद्रातही तेच. सप्टेंबर २०१९ मध्ये कंपनी कराचा मूळ दर ३० टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आणला, नव्या उत्पादक कंपन्यांना १५ टक्के. सरकारनेच सांगितले की वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचे उत्पन्न सोडावे लागेल. गुंतवणूक येईल, रोजगार येईल, हे त्याचे समर्थन. किती रोजगार, कुणाला, न दिल्यास काय, यापैकी एकही अट त्या सवलतीला जोडली नव्हती. रोजगार हमीवर काम करणाऱ्या बाईला मात्र हजेरीसाठी फोटो काढावा लागतो.

यात आणखी एक गोम आहे. राज्याच्या योजनांच्या खर्चातून अनुसूचित जातींसाठी लोकसंख्येच्या प्रमाणात, म्हणजे सुमारे ११.८ टक्के निधी ठेवायचा, असे धोरण आहे. पण माफ केलेला कर तिजोरीत येतच नाही. जे आलेच नाही त्यातून वाटा कसा निघणार? शिवाय जो वाटा निघतो तोही टिकत नाही. आंध्र आणि कर्नाटकाने २०१३ मध्ये या निधीसाठी कायदे केले, आपल्याकडे तो नाही. म्हणून २०२५ मध्ये सामाजिक न्याय विभागाचे सुमारे ४१० कोटी लाडकी बहीण योजनेकडे वळले आणि खात्याच्या मंत्र्यांनाच जाहीर तक्रार करावी लागली. त्यावर आपण बोललो, बोललेच पाहिजे. पण वळवलेल्या पैशावर बोलणारे आपण, माफ केलेल्या पैशावर कधी बोललो?

आता तो कायदा. नाव लांबलचक आहे, सोयीसाठी आपण त्याला राज्याचा २००१ चा आरक्षण अधिनियम म्हणू. २९ जानेवारी २००४ पासून तो लागू झाला. सुशीलकुमार शिंदे तेव्हा मुख्यमंत्री होते. ५२ टक्क्यांची विभागणी यातच आहे : अनुसूचित जाती १३, जमाती ७ आणि पुढचे सगळे. त्यात 'आस्थापना' कशाला म्हणायचे याची व्याख्या आहे. तिच्यात शासन-अनुदानित संस्था येतात आणि खाली स्पष्टीकरण आहे : ज्या संस्थांना किंवा उद्योगांना सरकारने सवलतीच्या दराने जमीन दिली किंवा इतर कुठलीही आर्थिक सवलत दिली, मग ती कायद्यापूर्वी असो वा नंतर, त्याही अनुदानित समजायच्या. उद्योग हा शब्द तिथे स्पष्ट आहे. पुढे असेही म्हटले आहे की अशी मदत देण्याचा करार करताना किंवा त्याचे नूतनीकरण करताना सरकारने या कायद्याच्या पालनाची अट करारात घालायची आहे. ही सरकारची जबाबदारी आहे, कंपनीच्या मर्जीचा प्रश्न नाही.

वकील मित्र सांगतात, कायद्यातल्या 'लोकसेवा' या शब्दावर बोट ठेवून कंपन्या कोर्टात जातील. जाऊ द्या. अट घातली तरच कुणी कोर्टात जाईल ना? इथे करारात अट आहे का, हेच आपण विचारलेले नाही. सवलत घेणाऱ्या उद्योगांना स्थानिकांना ८० टक्के नोकऱ्या देण्याची अट सरकार घालते, तेव्हा उद्योग पळून जात नाहीत. मग कायद्यात लिहिलेली अट घातली की गुजरातला जातील, ही भीती कुठून येते? वेदांता-फॉक्सकॉनचा प्रकल्प सप्टेंबर २०२२ मध्ये गुजरातला गेला, एक लाख रोजगार गेले म्हणून केवढा गदारोळ झाला. जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन त्यातून बाहेर पडली. त्या लाखातले किती रोजगार आपल्या पोरांचे असते, हा प्रश्न गदारोळात कुणी विचारला नाही. आम्हीही नाही.

काही जण म्हणतील, आता नोकरी मागणारे नको, देणारे व्हा. अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी बाबासाहेबांच्याच नावाने विशेष सामूहिक प्रोत्साहन योजना २०१६ मध्ये आली आहे. ज्याच्याकडे भांडवल आणि जागा आहे त्याने तिचा लाभ जरूर घ्यावा. पण दहा बाय पंधराच्या खोलीत राहणाऱ्या सुपरवायझरला कारखानदार व्हायला सांगणे ही थट्टा आहे.

आम्ही एका संबंधित कार्यालयाकडे माहिती अधिकारात अर्ज केला : गेल्या पाच वर्षांत सवलत मिळालेल्या उद्योगांत अनुसूचित जातींचे कर्मचारी किती? उत्तर आले, अशी माहिती संकलित केली जात नाही. चूक आमचीही होती. आकडा मागितला की 'संकलित नाही' म्हणून सुटता येते. कागद मागायला हवा होता.

म्हणून परवाच्या रविवारी नवा अर्ज लिहिला. तो प्रश्न विचारणाऱ्या पोरानेच लिहिला, अक्षर त्याचे चांगले आहे. मागणी दोनच कागदांची : सवलत मंजूर करताना उद्योगाशी झालेल्या कराराच्या नमुन्याची प्रत, आणि आरक्षण अधिनियमाच्या पालनाची अट करारात घालण्याबाबत विभागाने काढलेल्या आदेशांच्या प्रती. दहा रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प लावले आहे. ज्या जिल्ह्यात औद्योगिक वसाहत आहे, तिथल्या मित्रांनी हाच मजकूर आपापल्या जिल्हा उद्योग केंद्रात द्यावा, उत्तर आले की आम्हाला कळवावे. आमचा सुपरवायझर मित्र रात्रपाळीला होता, म्हणून त्याची सही तेवढी राहिली. ती उद्या सकाळी स्टेशनवर घेऊ आणि अर्ज टाकू.