मुस्तफा मी घेणार!

एक छोटीशी टेस्ट. ‘कॅपकॉम’ म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? एखादी आयटी कंपनी? कुरिअरवाला? बरं, आता ‘मुस्तफा’ म्हणून बघा. आलं ना हसू? तुम्ही पस्तिशी ओलांडली असेल आणि लहानपणी तुमच्या कोपऱ्यावर व्हिडिओ गेमचं दुकान असेल, तर एव्हाना अंगठा आपोआप वळवळायला लागला असेल.

तर बॉस, मुस्तफा हा त्या गेममधला एक हीरो. गेमचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. तो बनवला कॅपकॉमनं, जपानमधल्या ओसाका शहरात. आम्ही तो खेळलो भिवंडीत, कामतघरला. वऱ्हाळा तलावापासून चालत पाच मिनिटांवर एक गाळा होता. एका बाजूला पॉवरलूमची खटखट, दुसऱ्या बाजूला पंक्चरवाला आणि मधल्या अंधारात तीन मशीन. रुपयाला एक कॉइन. मशीनवरचं इंग्रजी नाव वाचायच्या भानगडीत कुणी पडायचं नाही. “चल, मुस्तफा खेळू,” एवढंच.

पुढे हातात पगार आणि घरात नेट आल्यावर मी या कंपनीची कुंडली काढली. भन्नाट आहे.

केन्झो त्सुजिमोतो नावाच्या गृहस्थांनी १९७९ मध्ये आय.आर.एम. नावाची कंपनी काढली आणि त्यातूनच पुढे जून १९८३ मध्ये कॅपकॉम उभी राहिली. पहिला माल व्हिडिओ गेम नव्हताच. ‘लिटल लीग’ नावाचं, नाणं टाकून खेळायचं मशीन होतं. पहिला व्हिडिओ गेम ‘व्हल्गस’ मे १९८४ मध्ये आला. कॅपकॉम म्हणजे ‘कॅप्सूल कॉम्प्युटर्स’चं लघुरूप. कॅप्सूल का? तर आत गच्च भरलेली मजा, आणि बाहेर कडक कवच, म्हणजे कुणी नकला मारू नयेत! हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्याच वर्षी कोनामी सोडून आलेल्या योशिकी ओकामोतोनं ‘१९४२’ नावाचा विमानांचा गेम काढला. विषय दुसरं महायुद्ध. पण गंमत बघा, जपानी कंपनीच्या या गेममध्ये तुम्ही चालवता अमेरिकन विमान आणि पाडता जपानी विमानं. आपल्याकडे असा गेम कुणी काढला असता तर? दुकानाची काच शिल्लक राहिली नसती. ओसाकात मात्र हिशेब साधा होता: हीरो कुठल्या बाजूचा आहे ते नंतर, आधी नाणं पडलं पाहिजे.

आर्केड गेम बनवणाऱ्यांचं दुखणंच वेगळं असतं. सिनेमावाल्याला तुम्हाला तीन तास बसवायचं असतं. या लोकांना तुम्हाला काही मिनिटांत मारायचं असतं, आणि तेही असं मारायचं की तुम्ही शिव्या घालत दुसरं नाणं काढाल. फार सोपा गेम केला तर एकच पोरगं दिवसभर मशीन अडवून बसतं. फार अवघड केला तर कुणी फिरकत नाही. या दोन टोकांच्या मधली चिंचोळी जागा कॅपकॉमला बरोब्बर सापडली होती. खिशात दोन रुपये घेऊन गेलेल्या कामतघरच्या पोराला ती जागा कुणी समजावून सांगावी लागत नव्हती.

१९८७ मध्ये ‘स्ट्रीट फायटर’ आला. त्याच्या एका मशीनला मोठाली रबरी बटणं होती. जितक्या जोरात ठोसा, तितका जोरात हल्ला. पोरं ती बटणं अक्षरशः बडवायची. मग त्याजागी साधी सहा बटणं आली आणि तीच पुढे रूढ झाली. १९९१ मध्ये ‘स्ट्रीट फायटर टू’ आला आणि जगभर दंगा झाला. अकिरा निशितानी आणि अकिरा यासुदा ही त्यामागची जोडी. एका ठोशाला जोडून लगेच दुसरा, ज्याला सगळे ‘कॉम्बो’ म्हणतात, तो मुळात ठरवून घातलेलाच नव्हता. टेस्टिंग करताना लक्षात आलं की असं जमतंय. काढून टाकायच्या ऐवजी त्यांनी ते तसंच ठेवलं. १९९२ मध्ये हाच गेम घरच्या सुपर निन्टेंडोवर आला आणि त्याच्या ६३ लाख प्रती खपल्या.

आणि १९९३ मध्ये आला आपला गेम. मार्क शुल्झ या अमेरिकन चित्रकाराच्या ‘झेनोझोइक टेल्स’ या कॉमिकवरून घेतलेला. सव्विसावं शतक, परत आलेले डायनोसॉर आणि त्यांची शिकार करणारे गुंड. त्यांना बडवायला चार हीरो: जॅक, हॅना, मेस आणि मुस्तफा कैरो. कॉमिकचा मुख्य हीरो जॅक. पोस्टरवर पुढे जॅक. पण भारतात जॅकला कुत्रं विचारत नव्हतं. मुस्तफा चौघांत सगळ्यात चपळ, आणि त्याची ती उडती लाथ! बस्स, विषय संपला.

आमच्या मशीनवर तिघं एकदम खेळायचे. मी, पद्मनगरचा एक तेलुगू मुलगा, आणि माझा शाळेतला दोस्त. दोस्त मुसलमान. मुस्तफा एकालाच मिळायचा, त्यामुळे कॉइन टाकायच्या आधीच हाणामारी. दोस्ताचा युक्तिवाद ठरलेला: “माझ्या मामाचं नाव मुस्तफा आहे, माझा हक्क.” आमचं उत्तर ठरलेलं: “मामा लाथ मारतो का अशी?” शेवटी जो आधी बटण दाबेल त्याचा मुस्तफा. नंबर लावून मागे उभे असलेले पण ओरडायचे, “मुस्तफा मी घेणार!”

हे गाव भिवंडी होतं, हे इथं सांगायला हवं. १९७० आणि १९८४ च्या दंगली आमच्या घरी कॅलेंडरसारख्या वापरल्या जायच्या: “दंगलीच्या आधी”, “दंगलीच्या नंतर”. १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी इथं मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. गल्लीगल्लीतले हिंदू-मुसलमान त्यांनी एका सतरंजीवर बसवले. म्हणून डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई पेटलेली असताना भिवंडी शांत राहिली. मोठ्यांना एका सतरंजीवर आणायला एवढा खटाटोप करावा लागला. आम्ही रुपयाच्या कॉइनवर एकमेकांना खेटून उभे असायचो आणि जॅक घ्यायची वेळ आली की तोंड पाडायचो. आम्ही काही थोर नव्हतो. मुस्तफा म्हणजे चपळ, याच्यापलीकडे त्या नावाला आमच्या लेखी अर्थच नव्हता.

आता त्या कवचाचं काय झालं ते ऐका. ‘स्ट्रीट फायटर टू’च्या इतक्या बनावट आवृत्त्या निघाल्या, की हवेत उडता उडता माणूसच बदलतोय, असले प्रकार त्यात होते. त्या वेगाची पोरांना चटक लागली आणि डिसेंबर १९९२ मध्ये कॅपकॉमलाच ‘टर्बो’ नावाची वेगवान आवृत्ती काढावी लागली. १९९३ मध्ये त्यांनी सीपीएस-टू हा नवा बोर्ड आणला. त्यात गेमची किल्ली एका बॅटरीवर जिवंत राहायची. बॅटरी संपली की बोर्ड ठार! २००१ मध्ये तेही कुलूप तुटलं. आपल्या गल्ल्यांत तर नकली बोर्ड सर्रास चालायचे. कामतघरच्या त्या रुपयांतलं ओसाकाला काही पोचलं असेल, असं मला वाटत नाही. तशी भिवंडीला याची सवय आहे. इथल्या लूमवरचं कोरं कापड बाहेर जातं, रंगतं, दुसऱ्याच्या नावानं विकलं जातं. विणणाऱ्याचं नाव कुठंच नसतं. कॅपकॉमच्या जुन्या गेममध्येही कलाकारांची खरी नावं नसायची, टोपणनावं असायची. यासुदाचं ‘अकिमान’. कारण? दुसऱ्या कंपनीनं माणसं पळवू नयेत.

पुढे १९९६ च्या ‘रेसिडेंट एव्हिल’नं कॅपकॉमला घरातल्या टीव्हीसमोर नेऊन बसवलं. २०१८ च्या ‘मॉन्स्टर हंटर वर्ल्ड’च्या २ कोटींहून जास्त प्रती खपल्या. त्याच २०१८ मध्ये त्यांनी जुन्या मारधाडीच्या सात गेमचा संच काढला. मी उड्या मारत यादी उघडली. मुस्तफा नाही. कॉमिक शुल्झचं, कॅडिलॅक हे नाव जनरल मोटर्सचं. असल्या गेमचे हक्क म्हणजे वडिलोपार्जित जमिनीचा सातबारा. हा गेम घरच्या कन्सोलवर कधीच आला नाही. त्या कंपनीच्या विक्रीच्या आकड्यांत आमचं ते दुकान कुठंच नाही. आणि आता तिथं मोबाइलची कव्हरं मिळतात.

दोस्त आता सॉफ्टवेअरमध्ये आहे, माझ्यापेक्षा जास्त कमावतो. गेल्या वर्षी तो मुंबईत भाड्यानं फ्लॅट शोधत होता. पगार, कंपनी, बायको, एक मुलगी, सगळं पसंत. नाव सांगितलं की फ्लॅट “कालच गेला”. तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा त्याचा मेसेज आला: “यार, इथं मुस्तफा कोणीच घेत नाही.”

मी हसलो. मग बराच वेळ काही टाइप करता येईना.

असो. तो अजून शोधतोय. टू बीएचके हवाय, स्टेशनपासून फार लांब नको, डिपॉझिट लगेच देईल. तुमच्या सोसायटीत असेल तर सांगा. माणूस चपळ आहे.