परसातील सुगंधी तृण

कोकणातल्या काय किंवा देशावरच्या काय, कोणत्याही जुन्या घराच्या परसात डोकावले तर अळूच्या आसपास, बोट कापेल अशा धारेच्या लांब पातींचे एखादे ठोंब हटकून दृष्टीस पडते. आणि जी वस्तू विनासायास मिळते तिच्याकडे चिकित्सक दृष्टीने पाहण्याचा शिरस्ता आपल्याकडे नसल्यामुळे, माझी उमेदीची वर्षे सुगंधी तृणांच्या अभ्यासात गेली असे कळताच, ‘गवतात अभ्यासण्यासारखे असते तरी काय?’ हा प्रश्न भल्याभल्यांनी मला विचारला आहे.

वास्तविक गवती चहाचे कुळ मोठे खानदानी आहे. इंग्लंडातील क्यू येथील वनस्पती-उद्यानातल्या ऑटो स्टाफ या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1906 साली भारत व सिलोनमधील तैलतृणांची जी छाननी प्रसिद्ध केली, तिच्यामुळे या घराण्यातील नावनिशीचे पुष्कळ तंटे निकालात निघाले : परसातला तो ‘सिंबोपोगॉन सिट्रेटस’, मलबारच्या उतारांवरचा, कोचीनच्या नावाने ज्याचे तेल व्यापारात चाले, तो ‘फ्लेक्झुओसस’, आणि खानदेश, मेळघाट व निमाडच्या रानांतला रोशा तो ‘मार्टिनाय’. यांपैकी रोशाची हकीगत सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही. पावसाळा सरता सरता हे गवत फुलोऱ्यावर आले म्हणजे ते कापून, ओढ्याकाठी चुलाणावर कढई चढवून, तिच्यातली वाफ बांबूच्या नळीने गार पाण्यात बसवलेल्या भांड्यात उतरवून तेथेच त्याचे तेल काढीत. आणि एकोणिसाव्या शतकात हे तेल मुंबई बंदरातून तांबड्या समुद्राच्या वाटेने तुर्कस्तानापर्यंत जाऊन गुलाबाच्या अत्तरात भेसळीला लागे. खुद्द जिन्नस अस्सल, पण कामगिरी लबाडीची!

त्या ओबडधोबड भट्टीचे तत्त्व ध्यानात आले म्हणजे गवती चहा करावा कसा हे निराळे शिकवावे लागत नाही. या पातीचा लिंबासारखा वास मुख्यत्वे सिट्रल नामक द्रव्याचा असतो. चांगल्या तेलात त्याचे प्रमाण शेकडा 70 ते 80 पर्यंत असते. हे द्रव्य एकटे तापवले तर दोनशे अंशांच्याही वर गेल्यावर उकळते, पण पाण्याच्या वाफेची संगत मिळताच शंभर अंशांच्या आतच तिच्यासवे निघून जाते. भट्टीवाला ती वाफ पकडतो. आपण मात्र उघड्या पातेल्यात पात खळखळा उकळून सगळा सुवास कौलांकडे रवाना करतो आणि पेल्यात गवताचा उग्रपणा तेवढा गाळून घेतो. म्हणून सुंठ, आले, दालचिनी ही मंडळी आधी खुशाल उकळावीत, आणि पातेले खाली उतरवल्यावर, पाती कातरून, किंचित ठेचून आत टाकून, वर घट्ट झाकण ठेवून पाच-दहा मिनिटे धीर धरावा. ठेचणे आवश्यक, कारण तेल पानाच्या पृष्ठावर नसून आतल्या पेशींत कोंडलेले असते.

लागवडीला विद्वत्ता लागत नाही. आपल्याकडे हे गवत सहसा फुलत नाही, त्यामुळे बियाणे शोधणे व्यर्थ. मृगाच्या सरी पडल्यावर जुने ठोंब फोडून, पाती वीतभर राखून छाटून, एकेक फुटवा दोन-दोन फुटांवर लावावा. मुरमाड जमीन चालते, बांध चालतो, उन्हाळ्यात थोडी हेळसांडही चालते. मात्र पाणी तुंबलेले मुळीच खपत नाही, मुळे कुजतात. न्हाणीच्या पाण्यावर जगणारी ठोंबे जेथे पाणी वाहते तेथे बहरतात, जेथे डबके साचते तेथे पिवळी पडतात. दाट सावलीत पात लुसलुशीत दिसते, पण वास फिका पडतो. कापणी जमिनीपासून चार बोटे वर करावी, आणि तीन-चार वर्षांनी गाभा पोकळ होऊ लागला म्हणजे ठोंब उपटून पुन्हा फोडावे. रोपवाटिकेतून रोप आणायचे असेल तर पात चुरगाळून हुंगल्यावाचून पैसे देऊ नयेत, कारण सिट्रोनेला हे त्याचे भावंड दिसायला तसेच, पण वासाने थेट डास पळवण्याच्या मलमाची आठवण करून देणारे असून पुष्कळदा त्याच्याच नावावर खपते.

औषधी गुणांविषयी मी जरा कृपण आहे. 1868 च्या ‘फार्माकोपिया ऑफ इंडिया’त या तेलाला स्थान मिळाले ते वायुनाशक व घाम आणणारे म्हणून, आणि आपल्या घरांतला अनुभवही त्याहून फारसा निराळा नाही. तेथे दाखला तेलाचा आहे, पेलाभर चहात उतरते ते तेल अत्यल्प, हा भेद विसरून आजकाल पुड्यांवर मधुमेहापासून कर्करोगापर्यंत जी कैफियत छापलेली आढळते, तिच्यामागे माणसांवरील प्रयोगांचा भक्कम पुरावा नाही. पडशाने अंग मोडून आले असता, किंवा जड जेवणानंतर पोट तडतडले असता, गरम पेल्याने बरे वाटते, आणि एवढ्यासाठी परसातली दोन हात जागा देणे मला मुळीच महाग वाटत नाही.