पाहणे आणि सांगणे

अथांग, अपार, अमर्याद. समुद्रासाठी मराठीत रूढ असलेली ही विशेषणे मुळात माणसाच्या असमर्थतेची आहेत. 'ज्याचा थांग लागत नाही' असे म्हणताना आपण समुद्राचे वर्णन कमी आणि आपल्या दोरीच्या लांबीचे अधिक करत असतो. किनाऱ्यावरच्या एका गावात मराठी शिकवत असल्यामुळे या शब्दांशी माझा नित्याचा संबंध येतो. म्हणूनच समुद्र मोजण्यासाठी उपग्रह सोडण्याची कल्पना मला भाषेच्या अंगाने कुतूहलाची वाटत आली आहे.

मुख्यत्वे समुद्राच्या अभ्यासासाठी भारताने बनवलेला पहिला उपग्रह, ओशनसॅट-१, २६ मे १९९९ रोजी पीएसएलव्ही-सी२ या प्रक्षेपकाने श्रीहरिकोट्याहून सोडण्यात आला. त्याच्याबरोबर एक कोरियन आणि एक जर्मन उपग्रहही वर गेला. त्यापूर्वी १९७८ साली अमेरिकेने 'सीसॅट' सोडला होता. तो साडेतीन महिन्यांतच मुका झाला, पण तेवढ्या अवधीत त्याने पाठवलेली निरीक्षणे अभ्यासकांना पुढे कित्येक वर्षे पुरली. १९७९ च्या आपल्या 'भास्कर'वरही समुद्राचा अंदाज घेणारे एक सूक्ष्मलहरी उपकरण होते. ओशनसॅटची कक्षा सुमारे ७२० किलोमीटर उंचीवर होती, आणि दर दोन दिवसांनी तो त्याच पाण्यावरून पुन्हा जात असे.

इतक्या उंचीवरून त्याला काय दिसते? पहिली गोष्ट म्हणजे रंग. पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पतींमधील हरितद्रव्य निळा प्रकाश शोषून घेते, त्यामुळे जिथे त्या विपुल असतात तिथे पाणी हिरवट भासते. अशा पाण्याच्या सीमेवर, विशेषतः जिथे तापमानही एकदम बदलते, मासळी जमण्याचा संभव असतो. यातली गंमत अशी, की कॅमेऱ्यापर्यंत पोहोचणाऱ्या प्रकाशातला बहुतांश भाग पाण्याचा नसतोच, तो मधल्या हवेने विखुरलेला असतो. तो काळजीपूर्वक वजा केल्यावर जो थोडासा उरतो, तो समुद्राचा. संहितेवर साचलेली भाष्ये बाजूला सारून मूळ पाठाकडे जाऊ पाहणाऱ्या अभ्यासकाला ही रीत परकी वाटू नये. आणि एवढे करूनही दुरून केलेले हे वाचन खरे मानण्यासाठी जवळची साक्ष लागतेच. लक्षद्वीपात कवरत्तीजवळ पाण्यावर उपकरण तरंगत ठेवून ही साक्ष घेतली गेली.

दुसरी गोष्ट वारा. २३ सप्टेंबर २००९ रोजी सोडलेल्या ओशनसॅट-२ वर 'स्कॅटरोमीटर' होता. तो समुद्रावर सूक्ष्मलहरी सोडतो. वाऱ्याने उठलेल्या बारीक तरंगांवरून त्या कशा परततात, यावरून वाऱ्याचा वेग आणि दिशा कळते. रंग पाहणारा कॅमेरा ढगांपुढे हतबल होतो, याला मात्र ढगांची वा रात्रीची अडचण नसते.

त्या प्रक्षेपणानंतर एकोणपन्नासाव्या दिवशी, ११ नोव्हेंबर २००९ रोजी, 'फयान' हे चक्रीवादळ अलिबाग आणि मुंबई यांच्या दरम्यान किनाऱ्यावर आले. नव्या उपग्रहाची उपकरणे तेव्हा पारखून घेतली जात होती. आकाशात इतर उपग्रह होते आणि किनाऱ्याला इशारेही दिले गेले होते. तरीही रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या काही होड्या परतल्या नाहीत. पुढे नोव्हेंबर २०१७ च्या अखेरीस 'ओखी' आले, तेव्हा वारा मोजणारा स्कॅटसॅट-१ फिरत होता. पण केरळ-कन्याकुमारीकडचे खोल समुद्रातले मच्छीमार वादळ आकाराला येण्याच्या कितीतरी दिवस आधी घरून निघालेले होते. त्यांच्यापैकी शेकडो जण भरकटत, वाऱ्यापुढे पळत आपल्या देवगडच्या आश्रयाला आले. म्हणजे पाहणारा डोळा वर होता. पाहिलेले जिथे पोहोचायला हवे, तिथे ते पोहोचत नव्हते. मोबाइलचा आवाका किनाऱ्यापासून दहा-बारा किलोमीटर. सातशे वीस किलोमीटरांवरून खाली आलेला निरोप या दहा-बारांपाशी येऊन अडतो!

ओखीनंतरच्या वर्षी मी भाषांतराच्या तासाला समुद्राच्या अंदाजाचे एक इंग्रजी पत्रक दिले. मुलांनी 'समुद्र खवळलेला राहील' असे नीटनेटके मराठी केले. तेव्हा मागच्या बाकावरचा, मच्छीमार घरातला एक मुलगा म्हणाला, "सर, दर्यो खवळलेलो आसतलो म्हणजे काय? वारो खंयसून येतलो, तां सांगा मगे." खोलीच्या 'मीटर'वरही त्याचा आक्षेप होता. त्याच्या घरी पाणी वावांत मोजतात. त्याच्या घरातला एक माणूस फयानमधून परतला नव्हता, हे मला नंतर कळले.

त्याचा आक्षेप व्याकरणाचा नव्हता. 'खवळलेला' हे आपल्या साहित्यिक मराठीचे विशेषण आहे. ते काठावर उभे राहून समुद्राकडे पाहणाऱ्याचे आहे. होडीतल्या तांडेलाला दिशा, वेळ आणि परतायला किती अवधी आहे, हे हवे असते. उपग्रह नेमके हेच मोजतो. मापनातली ही नेमकी गोष्ट भाषांतरात सांडते आणि तिच्या जागी विशेषण येऊन बसते.

यंत्राच्या बाजूने हे अंतर भरण्याचे प्रयत्न चालू आहेत. हैदराबादच्या 'इन्कॉइस' या संस्थेने भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या साथीने २०१९ मध्ये 'जेमिनी' हे उपकरण आणले. मोबाइल पोहोचत नाही तिथे ते उपग्रहामार्फत इशारे पोहोचवू शकते. २६ नोव्हेंबर २०२२ रोजी ओशनसॅट-३ ही वर गेला. त्या निरोपातले शब्द मात्र कुणीतरी निवडावे लागतात, आणि हे काम आपल्या विद्याशाखेचे आहे. उधाण आणि भांग, मतलई आणि खारा वारा, वाव, बंदरावर लागणारा तीन नंबरचा बावटा: ही समुद्राची मराठी परिभाषा गावागणिक थोडी बदलते, आणि ती जाणणारी माणसे म्हातारी होत चालली आहेत. किनाऱ्यावरच्या महाविद्यालयांतील मराठी विभागांनी हे शब्द गावोगावी जाऊन, अर्थांतल्या छटांसह टिपून घ्यावेत आणि अंदाज लिहिणाऱ्यांपर्यंत पोहोचवावेत. प्रबंधाला विषय मिळत नाही अशी तक्रार आपण नेहमी ऐकतो. हा विषय आहे, आणि त्याचे वाचक आत्ता या क्षणी पाण्यावर आहेत.