जुना लॅपटॉप आणि घरचं बियाणं



आजची नोंद पिकाची नाही. पिकाच्या नोंदी ज्यात ठेवतो, त्या लॅपटॉपची आहे.

आमच्या सफाळ्याच्या शेतीचा २०१३ पासूनचा हिशोब त्यात आहे. रोजचा पाऊस, राबाची पेर, आवणी, वांगी-मिरचीवरच्या फवारण्या, मजुरी, मुंबईला गेलेल्या भाजीचा भाव. कोणत्या वर्षी परतीच्या पावसात मिरचीला किती मर लागली, हे मला आठवत नाही, त्याला आठवतं. मशीन साधंच आहे: दुसऱ्या पिढीचा आय-३ आणि २ जीबी रॅम.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. मशीन त्यामुळे बंद पडत नाही, पण सुरक्षेच्या दुरुस्त्या येणं थांबतं. नोंदणी केली तर वर्षभर वाढवून मिळतात, पुढे काय? विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. दुकानात उत्तर मिळालं, "काका, भंगारात टाका, नवीन घ्या." नवीन घ्यायचा तर यंदा ठिबकच्या नळ्या बदलायच्या राहतात. आणि नळ्या थांबत नाहीत.

पण लोखंड म्हातारं झालं नव्हतं, त्याच्यावरचं ओझं वाढलं होतं. बैल तोच, गाडीत पोती दुप्पट. त्यात मोबाईलच्या नेटवर अपडेट सुरू झालं की दिवसाचा डेटा सकाळीच साफ.

मग सगळ्या फाइली आधी दुसऱ्या डिस्कवर उतरवल्या. जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी टाकली, रॅम ४ जीबी केली आणि लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती चढवली. नव्या लॅपटॉपच्या मानाने खर्च किरकोळ. आता चहा उकळायच्या आत मशीन उभं राहतं. सातबारा ब्राउझरमध्ये उघडतो, एक्सेलच्या फाइली लिब्रे ऑफिसमध्ये उघडतात, मराठी टायपिंगला इनस्क्रिप्ट कीबोर्ड आतच आहे.

हे फुकट मिळतं, पण मला महत्त्वाचं वाटलं ते वेगळंच. आपल्याकडे २००१ चा पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा आहे. त्यानुसार शेतकरी आपल्या शेतातलं बियाणं राखू शकतो, पुन्हा पेरू शकतो, शेजाऱ्याला देऊ शकतो, विकूही शकतो. फक्त संरक्षित वाणाचं बियाणं ब्रँड लावून विकता येत नाही. लिनक्सचा परवाना याच जातीचा. वापरा, उघडून बघा, बदला, प्रत काढून गावभर वाटा. फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये हे पेरलं, तेव्हापासून जगभरचे लोक त्याची निवड-सुधारणा करत आलेत. म्हणून जुन्या मशीनसाठीही कोणी ना कोणी हलकं वाण राखून ठेवतं. एका कंपनीने हात काढला म्हणून वाण संपत नाही.

आपल्याच कोकणात हे पूर्वी होऊन गेलंय. २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या एका धनगरवाड्यावरच्या एकशिक्षकी शाळेत मुलांना 'एक मूल, एक लॅपटॉप' योजनेचे हिरवे-पांढरे लॅपटॉप मिळाले. त्यांची रॅम होती २५६ एमबी. आतमध्ये लिनक्सच.

आता वाण निवडीबद्दल, अनुभवाने सांगतो.

रॅम ४ जीबी असेल तर मिंट एक्सएफसीई किंवा लुबंटू. २ जीबी किंवा त्याहून कमी असेल, किंवा मशीन ३२ बिटचं असेल, तर अँटिएक्स बघा. मोठ्या नावांपैकी बहुतेकांनी ३२ बिट सोडलंय. पपी लिनक्स तर पेनड्राइव्हवरून उठून थेट रॅममध्ये चालतं. एक लक्षात घ्या, सिस्टिम हलकी असली तरी आजच्या वेबसाइट जड आहेत. १ जीबीच्या मशीनवर हिशोब होईल, व्हिडिओची आशा धरू नका.

चढवण्याआधी पेनड्राइव्हवरूनच चालवून बघा. डिस्कला हात न लावता वायफाय, आवाज, प्रिंटर कळतो. हे म्हणजे सगळ्या शेतात पेरण्याआधी उगवणशक्ती तपासणं. शंभर दाणे ओल्या गोणपाटात घालतो, तसंच.

काही कामं होत नाहीत, तीही सांगतो. डिजिटल सहीचं टोकन, दुकानदारीचं जुनं हिशोबाचं सॉफ्टवेअर, काही प्रिंटर, यांचं लिनक्सशी जमेलच असं नाही. रोजचं काम त्यावरच असेल तर विंडोज ठेवा. संकरित बियाणं आपण घेतोच की, जिथे परवडतं तिथे. आणि श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधल्या नोंदी असतील तर त्या आधी युनिकोडमध्ये करून घ्या, नाहीतर मराठीच्या जागी भलतीच अक्षरं दिसतील. शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये लिनक्स आणि लिब्रे ऑफिसचे धडे मराठीत आहेत, फुकट.

केव्हीके, विद्यापीठातल्या मित्रांना एक विनंती. प्रशिक्षणात नोंदवहीचा नमुना देता, तो मोबाईल ॲपमध्येच न ठेवता साध्या सीएसव्ही किंवा ओडीएस फाइलमध्येही द्या. ॲप बंद पडतं, त्याबरोबर दहा वर्षांचा पाऊस जायला नको.

माळ्यावर एखादा जुना लॅपटॉप पडला असेल तर भंगारवाल्याला देण्याआधी त्याला एक रविवार द्या. आगोटीची कामं सुरू व्हायच्या आत केलंत तर पहिल्या पावसाची नोंद त्यातच होईल.