एकशे ब्याण्णव मते

एस.टी.च्या पुढच्या भागात एका आसनापाशी ‘आमदार’ अशी अक्षरे रंगवलेली असत. तुमच्यापैकी ज्यांनी कामासाठी वा परीक्षेसाठी लाल गाडीचा प्रवास केला आहे, त्यांनी ती वाचली असतील. बालपणी मला त्या अक्षरांचे फार कुतूहल वाटे. कारण त्या जागेवर मी भाजीची पाटी मांडीवर घेतलेल्या बाया पाहिल्या, झोपी गेलेले म्हातारे पाहिले, आमदार मात्र कधीच पाहिला नाही. एकदा आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, विचारले. ते एवढेच म्हणाले, “आपला बसतो.”

हा ‘आपला’ म्हणजे सांगोल्याचे गणपतराव देशमुख. शिक्षणाने ते वकील. १९६२ साली शेतकरी कामगार पक्षाच्या वतीने ते प्रथम विधानसभेत गेले आणि त्याच एका मतदारसंघातून एकूण अकरा वेळा निवडून आले. अकरावी निवडणूक २०१४ची. तेव्हा त्यांचे वय ऐंशीच्या बरेच पुढे गेले होते. २०१९ साली ते उभे राहिले नाहीत आणि ३० जुलै २०२१ रोजी त्यांचे निधन झाले. आमदार असूनही एस.टी.ने प्रवास करणारा माणूस, अशी त्यांची ख्याती राज्यभर होती. वर्तमानपत्रांना ही गोष्ट मोठ्या नवलाची वाटे. आमच्या भागात तिचे नवल वाटत नसे, आणि मला वाटते, गौरव त्यातच अधिक होता.

परंतु साधेपणाच्या कथांवर थांबलो, तर आमदाराचे खरे काम आपल्या नजरेतून निसटते. मंत्रिपद त्यांच्या वाट्याला आले ते १९७८ आणि १९९९च्या सरकारांत, तेही अल्पकाळ. उरलेली सारी वर्षे विरोधी बाकावरची. विरोधी आमदाराच्या हाती ना खाते असते, ना निधीची किल्ली. त्याच्याजवळ असतात तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, कपात सूचना, अर्धा तास चर्चा, म्हणजे शब्दच. आपण भाषेचे विद्यार्थी आहोत, म्हणून हे मुद्दाम सांगतो. ‘लक्षवेधी’ हे मुळात विशेषण. सभागृहाने त्याचे नाम करून टाकले. आमदार ‘लक्षवेधी लावतो’. कवितेच्या तासाला हा शब्द आपण किती सैलपणे वापरतो! सभागृहात त्यामागे एखाद्या तालुक्याचे पाणी असू शकते.

सांगोल्याचे पाणी हा तर अर्ध्या शतकाचा विषय. माण नदी तालुक्यातून वाहते, असे भूगोलाच्या पुस्तकात आम्ही पाठ केले होते. वाहताना ती क्वचितच दिसे. कऱ्हाडजवळच्या टेंभू येथून कृष्णेचे पाणी उचलून दुष्काळी तालुक्यांना द्यावयाचे, ही मागणी नागनाथअण्णा नायकवडी यांच्यासारख्यांच्या सोबतीने आटपाडीच्या पाणी परिषदांतून वर्षानुवर्षे मांडली गेली. तीत गणपतरावांचा आवाज होता. पाणी आले, पण ते येईपर्यंत मागणी करणाऱ्यांची एक पिढी थकून गेली.

इतके करणारा माणूस कधी हरला नाही, असे मात्र समजू नका. १९७२ साली ते पराभूत झाले. त्याच सुमारास मोठा दुष्काळ पडला. माझी आई खडी फोडायला जाई आणि परतताना पदरात सुकडी बांधून आणी. १९७४च्या पोटनिवडणुकीने ते पुन्हा सभागृहात आले. दुसरा पराभव १९९५चा, आणि तो केवळ एकशे ब्याण्णव मतांनी.

त्या वर्षी मी पुण्यात नोकरीला होतो. नाव गावच्याच यादीत होते. रजा मिळाली असती. मी मागितली नाही. एका मताने काय होते, असे सोबत्यांना म्हणालो आणि त्या रविवारी चित्रपटाला गेलो. निकालाचा आकडा वाचला तेव्हा मी मनातल्या मनात आमच्या गावची परगावी गेलेली माणसे मोजू लागलो: वरची आळी, खालची आळी, मळ्यातली घरे. साठाच्या पुढे गेल्यावर थांबलो. ती सगळी त्यांनाच मते देणारी होती, असे कोण सांगणार? मीही त्यांनाच मत दिले असते, असा माझा दावा नाही. तरीही तो आकडा पुढे कित्येक महिने माझ्या मागे लागला होता. सुट्टीत गावी गेलो, तेव्हा आप्पांनी पावसाचे विचारले, नोकरीचे विचारले. मतदानाचा विषय त्यांनी काढला नाही. त्यांनी काढला असता, तर मला बरे वाटले असते.

१९९९च्या निवडणुकीत मतदानाच्या आदल्या संध्याकाळी मी गावी उतरलो. गाडीत उभ्यानेच आलो होतो. ‘आमदार’ लिहिलेल्या जागेवर एक बाई लेकराला पाजत बसली होती. मत कोणाला दिले, हे येथे सांगण्याचे कारण नाही. सकाळी शाळेपुढच्या रांगेत आप्पा आधी पोहोचले होते. मला पाहताच ते रांगेतून निघाले, मला पुढे उभे केले आणि स्वतः माझ्या मागे उभे राहिले.